भिंतीमागचा भराव

धाकटीचं लग्न दोनदा ठरलं आणि एकदाच झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. पहिली तारीख मोडली ती माणसांनी नाही, पाण्याने. दोनशे पाहुणे यायचे आणि घरात प्यायला दोन घागरी. व्याही मोठा भला माणूस. तो म्हणाला, "पोरीला न्यायला आम्ही कधीही येऊ. पण दोनशे माणसांनी न आंचवता पंगतीतून उठायचं म्हणजे जरा अवघड." तारीख पुढे गेली. किती पुढे, ते आभाळालाच ठाऊक. पाऊस रुसल्याचं ते सलग दुसरं वर्ष होतं.

घर गवंड्याचं. गवंडी, त्याची बायको, थोरला मुलगा, सून आणि ही धाकटी. गवंडी दगड रचायचा, गवंडीण चुना कालवायची. तीस वर्षं दोघांनी असंच केलं होतं. तिने घमेलं पुढे केलं की त्याचा हात न बघता त्यावर यायचा. गावात गवंड्याची ख्याती दोन गोष्टींची. एक, त्याची भिंत ओळंब्यातून केसभरही सुटायची नाही. दुसरी, त्याच्या तावडीतून माणूस देवाची सुवार्ता ऐकल्याशिवाय सुटायचा नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसला तर गालाला साबण लावलेला असतानाही सांगायचा. न्हावी म्हणायचा, "गवंडीदादा, वस्तरा माझ्या हातात आहे, एवढं लक्षात ठेवून बोला."

एकच माणूस त्याला हार गेला नव्हता. लिंबाचा बागवाला. लोक म्हणत, त्या बागेतली लिंबं आंबट होतात ती मालकाकडूनच शिकून. बारा वर्षांपूर्वी गवंड्याने त्याची विहीर बांधली. तेव्हापासून गवंडी आठवड्यातून एकदा त्याच्या कुंपणाशी थांबायचा आणि बागवाला दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणायचा, "चालायला लाग."

त्या शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. थोरला बाहेरून आला आणि पाय धुता धुता म्हणाला, "बागवाल्याच्या विहिरीनंही तळ दाखवला. सोमवारी गाळ काढणार आहेत. मुकादम आणि त्याचे दोघे भाऊ उतरतायत."

गवंड्याचा घास हातातच राहिला.

"तळ म्हणजे? कुठपर्यंत?"

"भिंतीखालचा खडक उघडा पडलाय म्हणे. बारा वर्षांत पहिल्यांदाच."

गवंड्याने हात धुतला. ताटात निम्मं अन्न तसंच. उष्टं टाकणाऱ्याला लेक्चर देणारा हा माणूस! सुनेने सासूकडे बघितलं. सासूने भांडी आवरली, हात पुसले आणि बाहेर ओट्यावर नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

ओटा चांगला गुळगुळीत होता. बसताना तिचा तळहात त्यावर टेकला आणि तिथेच थांबला. चुन्याचा तो हात तिनेच दिला होता. कधी दिला, कुठल्या चुन्याचा दिला, ते तिला एकदम आठवलं. त्या दिवशी विहिरीसाठी तिने सात घमेली चुना कालवला होता. लागली तीन. चार घमेली उरली. नवरा म्हणाला होता, "वाळून जाईल. घरी ने, ओट्याला लाव." तिला तेव्हाही आश्चर्य वाटलं होतं. तिचा अंदाज एवढा कधी चुकत नसे.

"अहो," ती म्हणाली, "माझा अंदाज चुकला नव्हता ना?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"किती थर?"

"तीन. अगदी खालचे."

"आणि मागे?"

"मागे भराव नाही. दगडांच्या तोंडाला नुसता चुना. मागे मोकळी माती." त्याने कपाळावरून हात फिरवला. "शेवटची बस होती गं. पलीकडच्या गावाला प्रार्थनेची मोठी सभा होती. देवानं माझं काय केलं त्याची साक्ष द्यायला मला उभं करणार होते. म्हटलं, दोन दिवसांनी परत येऊ, दगड काढू, भराव घालू. परत आलो तर झरा फुटलेला. छातीएवढं पाणी. सगळे नाचत होते. बागवालासुद्धा हसत होता. मी म्हटलं, देवानंच झाकलं."

"देवानं झाकलं?"

"तेव्हा तसं वाटलं."

खालचा काळा खडक, त्यावर ठिसूळ पिवळ्या मातीचा पट्टा, आणि त्या मातीला अडवणारे ते तीन थर. इतकी वर्षं पाणी त्या थरांना समोरून दाबून धरत होतं. आता पाणी गेलं. मागून माती रेटणार, समोर कुणीच नाही. आणि सोमवारी त्याच भिंतीखाली तीन माणसं वाकून फावडी मारणार. तिला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने तीस वर्षं चुना कालवला होता.

या ओट्यावर दर बुधवारी प्रार्थना व्हायची. बारा वर्षं. तिने हात उचलून मांडीवर घेतला.

तेवढ्यात पाळकसाहेब सायकलवरून आले. तरुण माणूस, नवीन लग्न झालेला, चाकात बोट अडकेल इतका घाईत. येत्या रविवारी चर्चची मंडळी गवंड्याला वडील म्हणून, म्हणजे कारभार बघणारा जाणता म्हणून, नेमणार होती. त्या दिवशी काय बोलायचं, ते कागदावर लिहून आणलं होतं. गवंड्याने कागद घेतला नाही. त्याने जे होतं ते सांगितलं.

पाळकसाहेब बराच वेळ सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "असं करा. रविवार होऊन जाऊ द्या. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जा. म्हणा, पाणी उतरलंय, भिंत एकदा बघून घेतो. मग दुरुस्त करा. खोटंही नाही आणि बोभाटाही नाही. बागवाल्यासारख्या माणसाच्या हातात असं कोलीत दिलं, तर तो जन्मभर आपल्याला हसेल. सुवार्तेला बट्टा लागायला नको."

गवंड्याने मान वर केली. त्याच्याही मनात नेमकं हेच होतं, हे बायकोने त्याच्या डोळ्यांत वाचलं. अक्षरं ती चाळिशीनंतर शिकली होती, पण हा माणूस तिला आधीपासून वाचता यायचा.

"साहेब," ती म्हणाली, "बट्टा लागायचा तो बारा वर्षांपूर्वीच लागला. आता झाकायचा की धुवायचा, एवढंच उरलंय."

"पण आई, दोन दिवसांचाच प्रश्न..."

"सोमवारपर्यंत थांबते असं भिंतीनं कबूल केलंय का? बागेतली पोरं दुपारी खाली सावलीला जाऊन बसतात." ती उठली. "सुवार्ता काय आपल्या पदराखाली ठेवलेलं लेकरू आहे, उघडं पडलं तर गारठायला? आपण उघडे पडू. पडू या. अहो, चला."

"आत्ता?"

"नाहीतर काय मुहूर्त काढायचाय?"

बागवाला फाटकाशीच होता. झाडांना आळी करणाऱ्या मजुरांवर ओरडत होता. गवंड्याला बघून त्याचे हात सवयीने कानांकडे गेले.

"आलास? आज काय आणलंस, स्वर्ग की नरक?"

"आज विहीर," गवंडी म्हणाला.

फाटक उघडलं नाही. ऊन डोक्यावर होतं. फाटकाच्या अलीकडे उभं राहून गवंड्याने सगळं सांगितलं. तीन थर, भराव नाही, शेवटची बस, सभा, साक्ष. आवाज चिरकला, पण एकही शब्द गाळला नाही. मजुरांचे हात थांबले. मुकादम कुदळ टेकून जवळ आला.

"म्हणजे गवंडीबुवांनी चुना लावला म्हणायचा," मुकादम म्हणाला, "पण भिंतीला सोडून!"

मजूर खदखदून हसले. गवंडीण फाटकाच्या आडव्या फळीकडे बघत राहिली. तिचे कान तापले.

बागवाला हसला नाही. ते जास्त कठीण होतं.

"बारा वर्षं," तो हळू म्हणाला, "बारा वर्षं तू मला सांगत होतास की माझ्या जिवाला धोका आहे. आणि या तिघांना मी तुझ्या भिंतीखाली उतरवणार होतो." त्याने मुकादमाकडे बोट केलं. मुकादमाचं हसू विरलं. "तुझा देव त्या दिवशी एवढा घाईत होता का रे?"

"देव नव्हता, मालक. मी होतो."

"मग? आता काय? माफी पाहिजे?"

"आधी विहीर नीट करू द्या. मजुरी नको. माफीचं नंतर बघा."

बागवाल्याने फाटकाच्या फळीवर हात आपटला. "कर. पण बाई, तुम्हालाही सांगतो. काम होईपर्यंत माझ्या घरचं पाणी तुम्हाला मिळणार नाही. प्यायला घरून आणायचं."

"आणू," गवंडीण म्हणाली.

रविवारी मंडळीसमोर गवंडी उभा राहिला. नेमणुकीचा कागद त्याने घडी करून पाळकसाहेबांच्या हातात परत दिला. म्हणाला, "मी तुम्हाला पुष्कळ साक्षी दिल्या. त्यातल्या एकीच्या मागे भराव नव्हता. तो घालायला उद्यापासून जातोय. वडील दुसरा कुणी बघा." आणि खाली बसला. पाठीमागच्या बाकांवर कुजबुज झाली. एक म्हातारी जरा मोठ्यानेच म्हणाली, "घरातली घाण अशी चव्हाट्यावर कुणी आणतं का?" गवंडीण डोक्यावरचा पदर सारखा करून समोर बघत राहिली. गाणं सुरू झालं तेव्हा तिने नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटलं. सुनेने नंतर सांगितलं, "आई, तुमचा सूर पार छपराला लागला होता."

सोमवारी चौघं निघाली. धाकटी घरी राहिली. सुनेच्या डोक्यावर पाण्याची घागर, थोरल्याच्या खांद्यावर पहार, दोर, कप्पी. पाण्याच्या विहिरीवर पाणी घेऊन जाणारं कुटुंब बघायला लोक दारात आले. "समुद्राला तांब्या घेऊन चाललेत," कुणीतरी म्हणालं.

असं काम घाईत होत नाही. वरची सगळी भिंत त्या तीन थरांवर उभी. ते एकदम काढले तर विहीरच खाली बसायची. म्हणून वरच्या भिंतीला टेकू द्यायचा, एका वेळी दोनच दगड काढायचे, मागची सुटी माती खरवडायची, पोकळीत डबर आणि चुना ठासून भरायचा, दगड परत बसवायचे. चुना पकडेपर्यंत थांबायचं. मग पुढचे दोन. गवंड्याला खडकावर गुडघ्यांवर बसून काम करावं लागे. त्याचे गुडघे आता तरण्या माणसाचे नव्हते. संध्याकाळी दोराच्या पाळण्यातून वर यायचा तेव्हा त्याला उभं करायला दोघं लागत. थोरला म्हणायचा, "बाबा, मी उतरतो, तुम्ही वरून सांगा."

"भिंत कुणाच्या हातची?"

"तुमच्या."

"मग?"

वर गवंडीण चुना कालवायची. या वेळी सातच्या जागी आठ घमेली. बागवाला लिंबाच्या सावलीत स्टूल टाकून बसायचा. बोलायचा नाही. त्याच्या शेजारी पाण्याचा माठ असायचा. दुपारी चौघं आपल्या घागरीतून घोट घोट प्यायची. तिसऱ्या दिवशी घागर दुपारीच संपली. सुनेचे ओठ फुटले होते. माठ हाताच्या अंतरावर. कुणी तिकडे बघितलं नाही. बागवाल्याने मात्र त्यांच्याकडे बघितलं, आणि स्टूल जरा पलीकडे सरकवलं.

टेकू कमी पडत होते. बागेत तेवढं लाकूड नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी फाटकाशी गाडा उभा राहिला. गाड्यावर वीस लांब वासे. पुढे पाळकसाहेब, मागून ढकलायला मंडळीतले सात-आठजण, आणि सगळ्यांत मागे ती चव्हाट्यावाली म्हातारी, डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन.

"साहेब, हे तर आपल्या नव्या प्रार्थनाघराच्या छपराचे वासे!" गवंडी विहिरीतून वर बघत ओरडला.

"हो," पाळकसाहेब म्हणाले. "छप्पर थांबेल. इथली भिंत थांबणार नाही." मग जरा वेळाने, गवंडिणीजवळ येऊन, "आई, शुक्रवारी मी चुकीचं सांगितलं."

"सांगितलंत. आता दोर धरा," ती म्हणाली.

पाळकसाहेबांच्या तळहातांना दुपारपर्यंत फोड आले. म्हातारी म्हणाली, "पुस्तक धरून धरून हात लोण्याचे झालेत. आता जरा कळेल, प्रवचन किती जड असतं ते." पाळकसाहेबच सगळ्यांत मोठ्याने हसले.

सहाव्या दिवशी ते झालं. दोन दगड निघाले आणि मागची माती सुटली. पोत्याला भोक पडल्यावर धान्य सांडतं तशी, आधी धार, मग लोट. वरची भिंत करकरली. एक वासा वाकला. गवंड्याने मागेपुढे बघितलं नाही. पाठ त्या भगदाडाला लावली आणि पाय समोरच्या खडकात रोवले.

"डबर टाका!" तो ओरडला. "वासा द्या!"

वरून गवंडिणीला फक्त त्याचं डोकं दिसत होतं. ते मातीने पिवळं झालेलं. थोरला दोराला धरून सरकत खाली गेला. त्याच्यामागून आणखी एक माणूस सरकला, आणि तो मुकादम आहे हे तिला तो खाली पोचल्यावर कळलं.

"अहो!" ती ओरडली. "प्रार्थना करू का चुना पाठवू?"

खालून आवाज आला, "तोंडानं एक कर, हातानं दुसरं!"

तिने दोन्ही केलं. असा चुना तिने जन्मात कालवला नव्हता. पाळकसाहेब घमेली भरत, म्हातारी दगड उचलून देत, दोर खालीवर पळत होता. मुकादमाने नवा वासा खांद्यावर घेऊन भिंतीखाली ठोकला. थोरल्याने बापाच्या पाठीच्या दोन्ही बाजूंनी डबर ठासलं, आणि मग बापाला हळूच पुढे ओढून मधली जागा भरली. भिंत थांबली. करकर थांबली. खाली तिघे धापा टाकत खडकावर बसले.

"गवंडीबुवा," मुकादम म्हणाला, "त्या दिवशी हसलो ते परत घेतो."

"राहू दे," गवंडी म्हणाला. "विनोद चांगला होता."

वर बागवाला स्टुलावरून उठून काठाशी आला होता. तो कधी उठला, कुणालाच कळलं नाही. त्याच्या दोन्ही हातांत दोर होता.

अकराव्या दिवशी शेवटचा दगड बसला. चुना वाळायला चार दिवस दिले. मग मुकादम आणि त्याचे भाऊ निर्धास्त उतरले आणि गाळ काढायला लागले. गवंडी त्यांच्याबरोबर खाली जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला, काम संपेपर्यंत. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी खडकातल्या खड्ड्यातून पुरुषभर गाळ निघाला आणि खडकाच्या भेगेतून पाणी उसळलं. आधी गढूळ, मग निवळ. मुकादमाचा धाकटा भाऊ ओरडला, "आलं!" वर सगळी बाग ओरडली. संध्याकाळपर्यंत पाणी पहिल्या थराला टेकलं, दुसऱ्याला टेकलं, तिसऱ्याला टेकलं. भिंत तशीच. ओळंब्यात.

बागवाल्याने पहिली बादली स्वतः ओढली. तांब्या बुडवला आणि गवंडिणीसमोर धरला.

"वहिनी, पाणी घ्या."

तिने तांब्या घेतला. ओठांना लावला. मग ती प्यायली, पोटभर, मान वर करून, आणि तांब्या सुनेकडे दिला. पाणी गार होतं. अगदी दगडाच्या पोटातलं.

बागवाला स्टुलावर बसला. समोर गवंडी चिखलाने माखलेला उभा होता.

"हं," बागवाला म्हणाला, "आता सांग."

"काय?"

"त्या दिवशी माझं काम टाकून जे सांगायला पळाला होतास, ते. बारा वर्षं मी कानांवर हात ठेवले. आज हात काढलेत. बोल."

तासनतास बोलणाऱ्या गवंड्याने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "मी चुना कालवते. दगड तुम्हीच रचा." लोक हसले. गवंड्याने डोक्याचं फडकं काढलं.

"मालक, मी आतून पोकळ होतो. माझ्या देवाला ते माहीत होतं. तरी त्यानं मला ढासळू दिलं नाही, स्वतः पाठ लावून उभा राहिला. एवढंच आहे."

बागवाल्याने पाण्याकडे बघितलं.

"एवढंच? आणि एवढ्यासाठी शेवटची बस पकडायची होती?"

"नाही मालक. एवढ्यासाठी इथंच थांबायला हवं होतं."

बागवाल्याने मान हलवली, आणि मग तो हसला. बारा वर्षांपूर्वी विहिरीला पाणी लागलं त्या दिवसानंतर प्रथमच. "उद्या पण ये," तो म्हणाला. "मला प्रश्न आहेत. आणि फाटकातून आत ये. कुंपणाशी उभं राहून ओरडायचं वय राहिलं का आपलं?"

धाकटीचं लग्न त्याच महिन्यात झालं. पाणी बागेतून आलं, गाड्यावर सहा पिंपं, आणि गाडा बागवाल्याने स्वतः हाकला. व्याह्याने हात धुतले, मग तोंड धुतलं, मग पायसुद्धा धुतले. "आता पोरगी न्यायला हरकत नाही," म्हणाला. वासे प्रार्थनाघराच्या छपरावर चढले. त्यांतला तो वाकलेला वासा पाळकसाहेबांनी मुद्दाम दाराच्या वर घातला. गवंड्याला मंडळीने पुढच्या वर्षी वडील नेमलं. ती म्हातारीच आधी उठून म्हणाली, "याला नेमा. याच्या मागचं सगळं आपण खणून बघितलंय."

बागवाला तीन वर्षं दाराजवळच्या बाकावर बसून ऐकत राहिला, दर आठवड्याला एक नवा प्रश्न घेऊन. चौथ्या वर्षी त्याने बाप्तिस्मा मागितला, आणि तो आपल्याच विहिरीत घ्यायचा हट्ट धरला. पाळकसाहेबांना पोहता येत नव्हतं. शेवटी बागेतला हौद त्याच विहिरीच्या पाण्याने भरला, आणि दोर ओढायला गवंडी होता.

बागवाला त्यानंतर पाच वर्षांनी, लिंबं उतरवायच्या दिवसांत, झोपेत वारला. त्याची कबर गवंड्याने बांधली, आणि मागे भराव घातला. गवंडी त्याच्या पुढच्या वर्षी, पहिल्या पेरणीनंतरच्या मंगळवारी, सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या वारला. तेव्हा गवंडीण शेजारी होती.